मेल्या, लेका, भवाने

चारचौघांत ज्याची ओळख 'आमचे मित्र' अशी करून दिली जाते, तो माणूस बहुतेक वेळा मित्र नसतो. व्यासपीठावर माइक हातात घेऊन कुणी 'माझे जुने मित्र आणि या तालुक्याचे...' अशी सुरुवात केली की खालच्या खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे बघतात, कारण मागच्या निवडणुकीत या दोघांनी एकमेकांचं काय केलं ते सगळ्यांना पाठ असतं. 'मित्रपक्ष' या शब्दाचं महाराष्ट्रात काय झालं ते तर मी सांगायलाच नको. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारं 'मित्रमंडळ' असतं. त्यातल्या फोटोंपैकी किती जण त्या भाऊंच्या घरी थेट स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडू शकतात, हे ज्याचं त्याला ठाऊक. शाळेतल्या कुणाचा अचानक 'नमस्कार मैत्रिणी, ओळखलंस का?' असा निरोप आला, की पुढची ओळ विम्याची नाहीतर प्लॉटची असणार, हे मी न वाचता सांगू शकते. आणि दहावीच्या बॅचचे जे ग्रुप असतात, ज्यांतल्या निम्म्यांचं नाव 'मैत्र जीवांचे' असतं, तिथं दिवसभर चालतात फक्त सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे उपाय.

खरा मित्र समोर आला की हा शब्द तोंडातून निघतच नाही. तिथं लेका येतं, मर्दा येतं, का बे येतं, मेल्या येतं. म्हणजे आपण त्याला मुलगा म्हणतो, पुरुष म्हणतो, मेलेला म्हणतो, राजा म्हणतो, मालक म्हणतो. मित्र तेवढं म्हणत नाही. मला यात एक हिशेब दिसतो. आपल्याकडे माणूस जन्माला येतो तो कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली. अरे-तुरे की अहो-जाहो हे ठरल्याशिवाय मराठीत साधं 'जेवण झालं का' विचारल्यावर पुढचं वाक्य सुचत नाही. बरोबरीच्या माणसाला हाक मारायची सोय भाषेनं फारशी ठेवलीच नाही. मग लोकांनी नात्यांचे, हुद्द्यांचे, शिव्यांचे शब्द पळवून आणले आणि ती सोय स्वतःच करून घेतली.

शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या, मित्र शब्द पुल्लिंगी असेल तर त्याचा अर्थ सूर्य आणि नपुंसकलिंगी असेल तर सखा. 'मित्रम्' असं नपुंसकलिंगी रूप पाठ करताना वर्गातली सगळी पोरं एकमेकांकडे बोट दाखवून हसायची. मराठीनं तो शब्द पुल्लिंगी करून घेतला खरा, पण त्याची सूर्याची ऐट काही गेली नाही. तो अजूनही लांबूनच बरा वाटतो.

मी कराडकडची. आमच्याकडे मित्राला 'लका' म्हणतात. मूळचा लेका, म्हणजे मुला. बोलण्यात झिजून लका झाला. माणदेशाकडे आणि सोलापूरच्या बाजूला तोच 'लगा' म्हणून ऐकू येतो. 'काय लका, कुठं हाईस?' हे वाक्य बरोबरीच्याला म्हटलं तर दोस्ती, धाकट्याला म्हटलं तर माया आणि थोरल्याला म्हटलं तर थोबाडीत. शब्द तोच, बोलणाराही तोच, फक्त समोरचा बदलला. त्यातही एका प्रत्ययानं खेळ फिरतो. 'लेका' म्हणजे आपला. 'लेकाच्या' म्हटलं की ती एका लांबलचक शिवीची शेपटी असते. तिचं तोंड घरात आयाबहिणी बसल्यात म्हणून गिळलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला सगळी शिवी ऐकू येते.

'मर्दा'ची गंमत अशी, की कुणी खरोखर मर्दुमकी केल्यावर त्याला मर्दा म्हणत नाहीत. 'काय मर्दा, एवढ्यात दमलास?' 'आरं मर्दा, तिला विचारायचं तरी हुतंस.' म्हणजे जिथं मर्दपणाची शंका आली, नेमका तिथं हा शब्द येतो. कोल्हापूर-सांगलीचे लोक तो इतका सढळ हातानं वाटतात की त्यात पुरुष उरतच नाही. आमच्या शेजारची एक आत्या म्हैस आटली तेव्हा तिच्या पाठीवर थाप मारून 'काय मर्दा, आसं करत्यात व्हय?' म्हणाली होती. म्हशीनं मान हलवली. मला आजही वाटतं की त्या शब्दाचा इतका नेमका उपयोग मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही.

पण आमच्या भागातल्या सगळ्या शब्दांत मला सगळ्यात जास्त छळतो तो 'गडी'. गडी म्हणजे खेळातला सोबती: खेळगडी, सवंगडी. गडी म्हणजे पुरुष: 'घरात गडीमाणूस कुणी न्हाई का?' आणि गडी म्हणजे नोकर: घरगडी, सालगडी. तिन्ही अर्थ एकाच घरात, एकाच दिवसात, एकमेकांना धक्का न लावता वापरले जायचे. सालगड्याचा करार गुढीपाडव्याला व्हायचा. वर्षाचं धान्य, रोख रक्कम, कपड्याचा जोड, कुठं कुठं वरती चपला असं बोलीवर ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या घराचा. पाडवा आला की गूळ-लिंबाबरोबर गडी राहणार की जाणार याची चर्चा व्हायची.

माझ्या वडिलांच्या शेतावर जो सालगडी होता, तो त्यांच्याच वयाचा. त्याचा बापही आमच्या आजोबांकडे होता. लहानपणी ही दोन पोरं एकत्र विटीदांडू खेळायची, नदीत पोहायची, दुसऱ्याच्या उसात शिरायची. त्या वयात दोघं एकमेकांचे गडी होते. पुढे एक शाळेत गेला, एक गुरांमागं गेला, आणि एका पाडव्याला त्यातला एक दुसऱ्याचा गडी झाला. शब्दाला बदलावं लागलं नाही. 'त्यो आमचा गडी हाय' हे वाक्य दहाव्या वर्षी जसं होतं तसंच पंचविसाव्या वर्षी राहिलं. आतला माणूस तेवढा बदलला.

चार माणसांत तो वडिलांना मालक म्हणायचा. वडील त्याला नावानं हाक मारायचे, तीही अर्ध्या, कापलेल्या नावानं, जशी गड्यांना मारतात. विहिरीवर रात्रीचं पाणी धरताना मात्र, मी लहान म्हणून मला कुणी मोजत नसे तेव्हा, वडिलांच्या तोंडून 'गड्या' ऐकलेलं मला आठवतं. 'न्हाई गड्या, यंदा काय खरं न्हाई उसाचं.' इथं व्याकरणानं एक अजब काम करून ठेवलंय. 'गडी' शब्दाचे तीन अर्थ असतील, पण 'गड्या' या हाकेचा एकच आहे. नोकराला 'ए गड्या' अशी हाक कुणी मारत नाही. त्याला नाव असतं. संबोधन केलं की नोकर गळून पडतो, पुरुषही गळून पडतो आणि राहतो तो खेळातला सोबती. म्हणून त्या हाकेला उत्तर देताना त्यानंही मालक म्हटलं नाही. नुसतं 'हां' म्हणाला. मी यातून वडिलांना मोठं करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चहा वेगळ्याच कपात होता आणि तो कप गोठ्याच्या कोनाड्यातच असायचा.

या गड्याची एक बहीण होती मराठीत: गडणी. म्हणजे मैत्रीण, बरोबर खेळलेली पोर. जात्यावरच्या ओव्यांमध्ये ती भेटते. गाय पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांत आई, भाऊ, लेक, सासू, विठ्ठल यांची गर्दी आहे, आणि अधूनमधून एखादी मैतरीण, एखादी गडणी डोकावते. तिच्यापेक्षा जास्त दिसते ती शेजी, शेजारीण. कारण उघड आहे. ज्या काळात त्या ओव्या रचल्या गेल्या, तेव्हा पोर न्हातीधुती होण्याआधीच तिचं लग्न व्हायचं. तिच्या गडणी पाच दिशांना पाच गावांत पडायच्या. माहेरपणाला दोघी एकाच वेळी आल्या तर नशीब. सासरी मिळायची ती शेजी, जिच्याशी बोलायचं तेही सासूचं लक्ष नसताना. खेळातला गडी गावातच राहिला म्हणून त्याचा शब्दही राहिला. गडणीला पाठवून दिलं आणि शब्दानंही गाव सोडला. आज मी 'माझी गडणी' म्हटलं तर माझी मुलगी विचारेल, कुठल्या गडावरची?

खेळातलाच दुसरा शब्द भिडू. भिडणं म्हणजे अंगावर जाणं, पण भिडू म्हणजे आपल्या बाजूनं लढणारा. दोन पोरं गळ्यात हात टाकून लांब जायची, गुपचूप नावं ठरवायची आणि परत येऊन दोन म्होरक्यांना विचारायची, 'कुणाला हवा वाघ, कुणाला हवा सिंह?' ज्यानं वाघ मागितला त्याला वाघ मिळाला. ही भिडू वाटायची पद्धत मला लोकशाहीपेक्षाही चांगली वाटते, कारण तिच्यात शेवटी उरणारं केविलवाणं पोर नसतं. मेंढीकोट खेळताना समोर बसलेला तोही भिडू. त्याच्याशी बोलायचं नाही, फक्त भुवईनं सांगायचं, आणि त्याला कळलं नाही तर डाव संपल्यावर रात्रभर भांडायचं.

हा शब्द अंगणातून मुंबईच्या नाक्यावर गेला, तिथून हिंदी सिनेमात, आणि तिथून थेट कोर्टात. वाळकेश्वरच्या तीन बत्तीला वाढलेले जॅकी श्रॉफ तो वर्षानुवर्षं येता-जाता वापरतात. २०२४ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आपलं नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय कुणी वापरू नये या त्यांच्या मागणीत 'भिडू' हा शब्दही होता. लोक त्यांच्या नावावर टी-शर्ट आणि मीम विकत होते, त्यामुळे त्यांची तक्रार मला समजते. तरी भिडूला मालक असू शकतो ही कल्पना आमच्या अंगणातल्या पोरांना झेपली नसती. भिडू डाव संपला की सुटतो आणि उद्या समोरच्या बाजूला जातो. त्याचं सगळं असणंच उसनं.

मुंबईनं असे बरेच शब्द फिरवले. 'पंटर' म्हणजे मुळात पैज लावणारा. नाक्यावर तो 'आपला पोरगा' झाला आणि राजकारणात गेल्यावर 'त्याचा माणूस'. 'बंटाय' कुठून आला ते त्यालाच माहीत, पण ज्याला बंटाय म्हटलं तो खूश होतो. सगळ्यात लांब प्रवास 'भाई'चा. आमच्या बाजूला भाई म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा माणूस. लाल बावटा, खादीचा मळका सदरा, एसटीनं फिरणं आणि नावाआधी भाई: भाई उद्धवराव पाटील, भाई केशवराव धोंडगे, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून गेलेले भाई गणपतराव देशमुख. कम्युनिस्टांच्या कॉम्रेडला मराठी मातीत जो शब्द सापडला तो हा. सुट्टीत मुंबईचे मामेभाऊ आले आणि वडील म्हणाले, 'आज भाई जेवायला येणारेत', तेव्हा ती पोरं खिडकीशी जाऊन बसली. त्यांना वाटलं पांढरी गाडी येईल, गळ्यात सोनं असेल. आला तो सायकलवरून, पायजम्याला क्लिप लावलेला एक म्हातारा, आणि जेवताना उसाच्या दरावर इतका बोलला की आमटी गार झाली. एकच हाक. एका शहरात तिला ऐकून दुकानं बंद होत होती आणि एका तालुक्यात मोर्चे निघत होते.

कॉलेजला मी नागपूरला गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझा अपमान झाला असं मला वाटत राहिलं. मेसमध्ये, लायब्ररीत, बसस्टॉपवर जो तो 'का बे', 'अबे', 'काऊन बे'. आमच्याकडे 'बे' म्हणजे भांडणाची पहिली पायरी. तिथं ते स्वल्पविरामाचं काम करत होतं. वाक्य पुढे ढकलायला बे, श्वास घ्यायला बे, लाड करायलाही बे. उलट तिथल्या पोरांना आमचं 'अहो ऐका ना' तुसडं वाटायचं. माझी खोलीतली सोबतीण अकोल्याकडची. ती मला 'काय वं' म्हणायची आणि फार प्रेम आलं की 'माय'. 'जेवून घे वं माय.' ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान होती. वऱ्हाडात बाई कुठल्याही वयाच्या बाईला माय म्हणू शकते आणि घोळक्याला उद्देशून कुणीही 'राजेहो' म्हणू शकतं, मग तो घोळका कर्जमाफीच्या रांगेत का उभा असेना. खानदेशातली एक होती, तिच्या भावाचा फोन आला की पलीकडून 'काय भो' एवढं ऐकू यायचं. भाऊचा भो. इतका लहान झालेला भाऊ मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्या होस्टेलवर आम्हा मुलींना एक अडचण होती. मुलं एकमेकांना 'यार' म्हणायची. आम्हीही म्हणायला लागलो आणि सुट्टीत घरी ते तोंडातून निसटलं की आई भाजी निवडायची थांबायची. 'यार-दोस्त' म्हटलं तर तो सज्जन शब्द आहे. पण 'तिचा यार' म्हटलं की गावाच्या तोंडी विषय. पुरुषानं उच्चारला तर मित्र, बाईच्या बाजूला ठेवला तर जार. आईला तो शब्द आपल्या लेकीच्या आसपासही नको होता, आणि तिचं चूक होतं असं मला वाटत नाही. शब्द स्वच्छ आहे हे सिद्ध करायला गाव थांबत नाही.

तेव्हा आम्हाला वाचवलं 'राव'नं. पुण्या-साताऱ्याच्या बोलण्यात राव सगळीकडे आहे: 'काय राव', 'चल ना राव', 'बस्स का राव'. राव म्हणजे राजा. पण मुलीनं मुलीला 'असं काय करतेस राव' म्हटलं तर कुणाला खटकत नाही. यारचं सगळं काम राव करतो आणि आईची भाजी निवडून होते. आणखी एक मजा आमच्या लक्षात एका मैत्रिणीच्या लग्नात आली. मांडवात तिला नाव घ्यायला लावलं. तिनं ठसक्यात उखाणा म्हटला, '...रावांचं नाव घेते'. मागून दुसरी पुटपुटली, 'आता आम्ही कुणाला राव म्हणायचं राव?' नवऱ्याला जो मान म्हणून मिळतो, तोच मैत्रिणीला उगीच मिळतो.

मैत्रिणीचे खास बायकी शब्द मात्र वेगळेच आहेत आणि त्यांच्याकडे कुणी नीट पाहत नाही. भवाने, सटवे, बये, म्हातारे, टवळे. माझी शाळेतली जी सगळ्यात जवळची, तिनं मला गेल्या कित्येक वर्षांत नावानं हाक मारलेली नाही. फोन उचलला की 'काय भवाने, मेलीस का?' आता भवानी म्हणजे तुळजापूरची. सटवी म्हणजे सटवाई, पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणारी. पुरुष मित्राला मान द्यायचा तर त्याला राजा, मालक, शेठ म्हणतात. बाई बाईला देवी म्हणते, पण शिवी म्हणून. यात काय काय आहे ते उलगडत बसले तर हा लेख वेगळ्या दिशेला जाईल. एवढंच म्हणते, की आपल्याकडे अंगात आल्याशिवाय बाईला मोठ्यानं बोलता येत नव्हतं, आणि जी मोठ्यानं बोलते ती भवानी, हे लोकांनी ठरवून टाकलं. मग त्या मोठ्यानं बोलणाऱ्या बायकांनी तो शब्द आपापसांत वाटून घेतला. बाहेरच्यानं भवानी म्हटलं तर अजूनही भांडण होतं. माझ्या त्या मैत्रिणीनं मात्र मला भवाने म्हटलं नाही, तर मला वाटतं, ती रागावलीय.

सासर मालवणकडचं मिळालं आणि तिथं माझ्या कानाला आणखी एक धक्का बसायचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो. नवऱ्याचा बालमित्र पडवीत आला आणि बाहेरूनच ओरडला, 'खंय होतस रे मेल्या?' मी स्वयंपाकघरात होते. देशावर 'मेल्या' म्हणजे बाईच्या तोंडचा तळतळाट; मला वाटलं उधारीचं भांडण. बाहेर येऊन बघते तर दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते. मालवणीत मेल्या म्हणजे जिवाभावाचा. झिला म्हणजे मुलगा, तेही प्रेमाचंच, पण मेल्याची सर त्याला नाही. एका हौशी माणसानं मला याचं कारणही सांगितलं: समुद्रावर जाणाऱ्याला आधीच मेला म्हटलं की मरण फसतं. मला ते कारण फारच सुबक वाटलं, म्हणूनच संशय आला. सह्याद्रीच्या पायथ्याचा जो माणूस जन्मात होडीत बसला नाही, तोही तितक्याच मायेनं मेल्या म्हणतो. मला वाटतं गोष्ट साधी आहे. ज्याला वाटेल ते बोलता येतं तो आपला, आणि मेल्यापेक्षा वाईट काय बोलणार?

तिथून तासाभरावर गोवा. तिथल्या कोंकणीत मित्राला सरळ 'इश्ट' म्हणतात, आणि मैत्रीला इश्टागत. मला हे शब्द फार आवडतात. पण बाजारात, तवेर्नात म्हणजे दारूच्या दुकानात, बसमध्ये ऐकू येतो तो 'पात्रांव'. पोर्तुगीजांचा शब्द, मालक या अर्थाचा. गिऱ्हाईक दुकानदाराला पात्रांव म्हणतं, दुकानदार गिऱ्हाइकाला पात्रांव म्हणतो आणि बाकावर बसलेले दोन बेकार मित्रही एकमेकांना पात्रांव म्हणतात. पुण्यातले रिक्षावाले 'मालक' म्हणतात आणि मुंबईत 'शेठ' म्हणतात ते याच चालीचं. दोन्हीकडून मालक म्हटलं की मालक कुणीच राहत नाही. विहिरीवर वडिलांना ते 'गड्या' म्हणून साधावं लागलं. इथं ते भर बाजारात चालतं.

मराठीत परके शब्द नकोत म्हणून मोठमोठ्या लोकांनी कष्ट घेतले. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. सावरकरांनी तारखेचा दिनांक केला, मेयरचा महापौर केला, आणि ते शब्द रुजलेही. पण दोस्ताला कुणी हात लावला नाही. तालमीतला वस्तादही तसाच राहिला, जिगरीही राहिला. कचेरीची भाषा बदलता येते. पारावरची बदलायला पारावर बसावं लागतं.

बाईचा मित्र हा अजून वेगळा घोळ आहे. मित्र म्हटलं की भुवया वर जातात, म्हणून आमच्या वेळी 'आमच्या वर्गातला', 'भावासारखा' असे वळसे होते. भावासारखा म्हटलेल्या कित्येकांशी पुढे लग्नं झाली. मग 'फ्रेंड' आला. वाटलं, आता सुटलो, या शब्दाला लिंगच नाही. पण मराठी क्रियापद कुठलं सोडतंय? 'फ्रेंडकडे गेले होते' इथपर्यंत ठीक चालतं. पुढे 'मग फ्रेंड म्हणाला' आलं की आई परत भाजी निवडायची थांबते.

माझ्या मुलीच्या पिढीनं हे कसं सोडवलं ते बघायला मला मजा येते. ती आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींना 'भावा' म्हणतात. कोल्हापूरचा रांगडा भावा, रील्सवर बसून पुण्याच्या फ्लॅटमध्ये आला. 'भावा, तू काल का नाही आलीस?' 'भावा, कसली गोड दिसतेयस!' संबोधन पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी, आणि दोघींपैकी कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. माझ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना हे ऐकून त्रास होतो. पोरींनी पोरांची भाषा का उचलावी, असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. तिच्या तोंडी भावामध्ये भाऊही नाही आणि पुरुषही नाही, जसा आत्याच्या तोंडी मर्दामध्ये पुरुष नव्हता. शिवाय त्या वर्गातल्या मुलांनाही भावाच म्हणतात. म्हणजे 'भावासारखा' हा आमचा सगळा वळसा त्यांनी एका शब्दात मोडीत काढला. रिक्षावाल्याला मात्र माझी मुलगी न चुकता 'दादा' म्हणते. तिथं भाऊ पाहिजे असतो, कारण रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि रस्ता रिकामा असतो. त्या दादामध्ये मान थोडा आणि विनंती जास्त असते, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

मागच्या महिन्यात तिचा तो सगळा घोळका आमच्या घरी होता. प्रोजेक्टच्या नावाखाली चार तास हसणं चाललं होतं. मी पोहे घेऊन गेले आणि एका मुलाला विचारलं, अजून वाढू का? तो मोबाईलमध्ये होता. मान वर न करता म्हणाला, 'नको भावा, फुल्ल झालो.' सगळे गप्प. मग त्यानं वर पाहिलं, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि 'सॉरी काकू, सॉरी काकू' करत उठून उभाच राहिला. माझी मुलगी सोफ्यावर लोळून हसत होती.

'बस लका,' मी म्हटलं, 'एवढं काय त्यात? घे अजून थोडे.'

त्यानं बशी पुढे केली. दोन घास खाल्ल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. 'काकू, तुम्ही कोल्हापूरच्या का?'

'कराडची.'

'मी इस्लामपूरचा!' तो इतक्या जोरात म्हणाला की पोहे सांडले, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं पेठनाक्यावर वडापाव कुठला चांगला यावर भांडत होतो.